यंत्र वाजते, ठपका आपल्यावर
(रेल्वे व आर. एम. एस. कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



स्थानकाच्या दारातली धातुशोधक चौकट आपण रोज पाहतो. ती प्रत्येकाला पाहून वाजते आणि कोणीच थांबत नाही. पुढे काही घडले की चौकशीत पहिला प्रश्न येतो : ड्युटीवर कोण होते? यंत्राची सेटिंग कोणी, कधी केली, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज यंत्राविषयीच बोलू.

चौकटीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातला बदलता प्रवाह चुंबकीय क्षेत्र तयार करतो. त्यात धातू आला की धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांची चाहूल दुसऱ्या वेटोळ्याला लागते. यंत्राला कळते ते एवढेच. पिस्तूल की जेवणाचा डबा, हे ते सांगत नाही. धातू नसलेला स्फोटक पदार्थ तर त्याच्या गावीही नाही.

2 जुलै 1881 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकातच गोळीबार झाला. शरीरातली गोळी शोधायला टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांनी असेच यंत्र आणले. प्रयोगात ते चालले, रुग्णाजवळ गोंधळले. एक कारण म्हणजे गादीतल्या पोलादी स्प्रिंगा. शिवाय डॉक्टरांनी उजव्याच बाजूला शोधू दिले आणि गोळी होती डावीकडे. वरिष्ठांचे हे वळण जुनेच दिसते!

आपल्याकडच्या स्प्रिंगा म्हणजे फरशीतल्या सळया, लोखंडी कठडे, शेजारून जाणारी पार्सलाची हातगाडी, सरकत्या जिन्याची मोटार. एका स्थानकावर चौकट कठड्याला खेटून होती, सेन्सिटिव्हिटी अगदी वर. माणूस नसतानाही वाजायची. आम्ही लेखी पत्र देऊन ती हलवून घेतली, तेव्हा गप्प झाली.

तेव्हा आधी जागा, मग बटण. चौकट लोखंडापासून दूर आणि डळमळणार नाही अशी बसवावी. सेन्सिटिव्हिटी खालून सुरू करावी. अंगावर धातू नसलेल्या माणसाने ठरलेला नमुना-तुकडा घेऊन नेहमीच्या चालीने जावे. तुकडा कधी घोट्याशी, कधी कमरेशी, कधी छातीशी, कधी पाठीशी. सगळीकडे, पुन्हा पुन्हा सापडेपर्यंत एकेक पायरी चढवावी आणि तिथेच थांबावे. तोच माणूस तुकड्याविना गेला तर आवाज होता कामा नये. आकडा वाढवला की सुरक्षा वाढली, हा साहेबी समज आहे. शंभर खोट्या घंटांनी पहारेकऱ्याचा कान मरतो. दोन चौकटी शेजारी असतील तर एकमेकींना भडकवतात. त्यांचे चॅनल वेगळे ठेवावे.

हातातल्या यंत्राची बॅटरी आधी पाहावी. पावलाजवळ फरशीतल्या सळया वाजतात, म्हणून पाय उचलायला सांगावे. बंद पार्सलावर ते फिरवून उपयोग नाही. पिन काय, पितळी तांब्या काय, ते दोन्हींना वाजते. ते काम क्ष-किरण यंत्राचे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक यंत्राजवळ नमुना-तुकडा आणि नोंदवही हवी. पाळी सुरू होताना चाचणी, वेळ, सेटिंगचा आकडा आणि सही. आकडा बदलला तर बदलणाऱ्याची सही, मग तो अधिकारी का असेना. चौकशीच्या दिवशी ही वही आपल्या हातात असली पाहिजे.

चौकट इथे लावलेलीच आहे. पट्टा, घड्याळ, मोबाइल टेबलावर ठेवून दोघे जण पुढे या.