काळ्या जमिनीवरील घर आणि त्याची मुरुमाची बैठक
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात विद्या, विवाह आणि वसतिगृह या विषयांवर व्याख्याने होतात, आणि ती व्हावयासच हवीत. मला मात्र चिटणीसांनी जमिनीखालचा विषय दिला आहे. आसेगावच्या परिसरात घर बांधणारा आपला गृहस्थ बहुधा आयुष्यात एकदाच घर बांधतो. भविष्यनिर्वाह निधी, शेताचा एखादा तुकडा आणि बँकेचे कर्ज असे सर्व त्यात ओततो. मग दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, दार चौकटीत अडकू लागते, मधल्या खोलीची फरशी उचलली जाते. गवंड्याला दोष दिला जातो. पुष्कळदा गवंड्याचा दोष नसतोही; दोष जोत्याच्या खाली असतो, आणि तेथे कोणी पाहिलेलेच नसते.

जुन्या व्यवहारात गावच्या जमिनीचे दोन भाग मानीत, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. आपले पूर्वज काळीत राहावयास गेले नाहीत यात मोठे शहाणपण होते. शिवाय त्यांची धाब्याची घरे लाकडी खांबांवर उभी असत. जमीन थोडी हलली तर खांब-तुळयांचा सांगाडा तेवढा हलून घेई, आणि मातीच्या भिंतीला पडलेली चीर दिवाळीपूर्वीच्या सारवणात बुजून जाई. आज गावठाण अपुरे पडले, शेतांचे भूखंड झाले आणि आपण विटा-सिमेंटची ताठ घरे काळीवर उभारू लागलो. ताठ भिंतीला वाकणे ठाऊक नाही, ती तडकते.

काळी माती अशी का वागते? आपल्या पठाराचा खडक म्हणजे लाव्हारसाचा बेसॉल्ट. तो झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याची घडण पातळ पानांच्या चळतीसारखी असते. पानांमध्ये पाणी शिरले की चळत फुगते, पाणी गेले की बसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या सरींनंतर त्या मिटतात, हे आपण पाहतोच. तीच हालचाल घराखालीही चालते. पण सारखी नव्हे. घराच्या मध्यभागी ऊन पोहोचत नाही, म्हणून ओल साठून माती वर येते. कडेची माती ऋतूप्रमाणे वर-खाली होते. या विषमतेतून भिंत फाटते. येथे एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल: जड इमारतीपेक्षा हलके, एकमजली घर अधिक धोक्यात असते, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजनच त्याच्यात नसते.

उपाय जमिनीच्या खोलीवर अवलंबून आहे. प्रथम भूखंडाच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डे घेऊन काळीचा थर किती आहे ते पाहावे. तीन-चार फुटांवर घट्ट मुरूम लागला तर प्रश्नच मिटला. पाया त्यावर न्यावा. काळी फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, खाली कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब घालतात. त्यांचा कंद खांबाच्या सुमारे अडीचपट रुंद असतो. खोल काळीत ते निदान साडेतीन मीटर खाली नेतात, म्हणजे ऋतूंच्या ओलीचा फेरफार जेथे पोहोचत नाही तेथे ते रुजतात. वरची तुळई जमिनीला टेकवीत नाहीत. खाली सुमारे तीन इंच पोकळी सोडतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला ढकलत नाही. हे काम अभियंत्याच्या देखरेखीवाचून करू नये.

या दोहोंच्या मधली स्थिती आपल्याकडे वारंवार आढळते, आणि तेथे मुरुमाची बैठक उपयोगी पडते. काळी काढून टाकावयाची व तिच्या जागी न फुगणारा मुरूम थराथराने दाबून भरावयाचा. पुष्कळ लोक मुरुमाऐवजी वाळू किंवा नुसती खडी भरतात. ती चूक आहे. त्यांतून पाणी आरपार जाते आणि काळीत खणलेला खड्डा हौदासारखा भरून राहतो. मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर काळीवर घातला तर तिचे फुगणे बरेच आवरले जाते. कालव्यांच्या अस्तराखाली ही रीत वापरली गेली. तेव्हा मुरूम असा हवा की त्यात खडाही असेल आणि खड्यांना धरून ठेवणारी बारीक मातीही. मात्र ती माती काळी नको.

ती ओळखावी कशी? प्रयोगशाळेची रीत साधी आहे. बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मापाच्या नळ्यांत घालतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोहोंतील मातीची उंची ताडून पाहतात. पाण्यातील माती दीडपटीहून अधिक भरली तर तो माल बैठकीला घेऊ नये. रॉकेल हल्ली दुर्मीळ झाले आहे हे खरे. पण पावशेरभर खटपट करून ही परीक्षा करावी, कारण ‘मुरूम’ म्हणून आलेल्या गाडीत काय येईल याचा भरवसा नसतो.

आता हिशेब. घर ३० फूट × ४० फुटांचे धरू. बैठक भिंतीच्या बाहेर चारही बाजूंना तीन फूट न्यावी. म्हणजे ३६ × ४६ फूट. तीन फूट जाडीला ४,९६८ घनफूट, म्हणजे जवळजवळ ५० ब्रास दाबलेला मुरूम. सैल माल साठ ते पासष्ट ब्रास लागेल. उत्खननाचा परवाना व स्वामित्वधनाची पावती पुरवठादाराकडून मागून घ्यावी. सहा-सहा इंचांचे सहा थर होतील. त्यासाठी प्रत्येक वेळी सुमारे आठ इंच सैल मुरूम पसरावा. सगळा मुरूम एकदम ओतून वर पाणी सोडणे व ‘आपोआप बसेल’ म्हणणे, हा प्रघात मला अत्यंत घातक वाटतो. पाणीही बेताचे हवे. अमेरिकेतील प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये दाखविले की प्रत्येक मातीला एका ठरावीक ओलीवरच सर्वांत घट्ट दाबता येते. कोरडी बसत नाही आणि चिखल दबत नाही. हाताची खूण अशी: मूठ आवळली असता गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी सुटू नये. धुम्मसापेक्षा यांत्रिक कंपक बरा. थर दबला की नाही हे कडेला, कोपऱ्यात पाहावे. मध्यावर सर्वच जण चांगले दाबतात.

खड्डा उघडा ठेवून मुहूर्ताची वाट पाहू नये. तळ उन्हाने भेगाळतो किंवा पावसाने मऊ होतो. वास्तुशांतीचा मुहूर्त अवश्य पाहावा. बैठकीचे काम मात्र एकदा सुरू झाल्यावर थांबवू नये.

बैठक झाल्यावर पाणी दूर ठेवणे आले. तिचा माथा आजूबाजूच्या जमिनीहून उंच असावा. घराभोवती पाच-सहा फूट रुंदीची बाहेर उतरती फरसबंदी असावी. न्हाणीचे, पन्हाळीचे पाणी भिंतीशी मुरू देऊ नये. भिंतीला लागून मोठे झाड लावू नये. मुळे माती शोषून कोरडी करतात आणि मग तेवढ्याच कोपऱ्यात घर खचते. आपल्या भगिनी तुळशीपुढे आणि परसात जेवढे पाणी घालतात त्याने विशेष बिघडत नाही. बिघडते ते गळक्या नळाने, जो महिनोन्‌महिने कोणी दुरुस्त करीत नाही.

ज्यांची घरे आधीच तडकली आहेत त्यांनी घाईने भेगा सिमेंटने बुजवू नयेत. प्रथम पाण्याच्या वाटा बंद कराव्यात, फरसबंदी करावी, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून उन्हाळा, पावसाळा व हिवाळा असे एक वर्ष त्यांतील अंतर मोजावे. अंतर वाढतच असेल तर अभियंत्यास दाखवावे. ऋतूप्रमाणे ते थोडे कमी-जास्त होऊन स्थिरावले, तर पुढच्या दिवाळीत भेग भरून रंग काढण्यास हरकत नाही.