किल्मेनहॅमचा तुरुंग आणि आपली साक्ष



आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील किल्मेनहॅम भागात १७९६ साली सुरू झालेला एक तुरुंग आहे. १९१६ साली ईस्टर सणाच्या आठवड्यात ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. तो मोडल्यावर ३ ते १२ मे या काळात चौदा पुढाऱ्यांना, जेथे कैदी दगड फोडीत त्या अंगणात, गोळ्या घालण्यात आल्या. पुढे देश स्वतंत्र झाला व १९२४ साली तुरुंग बंद पडला. राष्ट्राने ही वास्तू जपली असेल, असे आपणांस वाटेल. परंतु तिची छपरे कोसळली, भिंतींवर झाडे उगवली, आणि ती पाडून टाकण्याचा विचारही सरकारात झाला.

याचे एक कारण समजून घ्या. १९२१ च्या तहावरून स्वातंत्र्यसैनिकांतच फूट पडली व यादवी युद्ध झाले. १७ नोव्हेंबर १९२२ रोजी याच तुरुंगात नव्या आयरिश सरकारने चार आयरिश तरुणांना गोळ्या घातल्या. परक्यांनी सांडलेल्या रक्ताचे स्मारक करणे सोपे असते. स्वकीयांनी सांडलेल्या रक्ताकडे पाहणे कठीण असते.

अखेर लॉर्कन लेनर्ड या तरुण इंजिनिअराने पुढाकार घेतला. वर्षाला एक पेनी अशा नाममात्र भाड्याने वास्तू विश्वस्तांकडे आली. मे १९६० पासून साध्या माणसांनी फावल्या वेळात, बिनपगारी, राडारोडा उपसला व छपरे बांधली. १९६६ साली राष्ट्राध्यक्ष ईमन डी व्हॅलेरा यांनी वास्तूचे उद्घाटन केले. ते स्वतः तेथे कैदी होते. १९८६ साली ती शासनाने ताब्यात घेतली. मात्र एकोपा टिकावा म्हणून संस्थेने १९२१ नंतरच्या घटनांविषयी मौन पाळण्याचे ठरविले होते. त्या मौनामुळे काम तडीस गेले, पण त्या चौघांची हकिकत बाजूला राहिली.

तेथील सरकारनेही १९४७ ते १९५७ या काळात १७७३ साक्षी नोंदविल्या. कथन लिहून साक्षीदाराची सही घेतली जाई. वकील या नात्याने मला ही पद्धत मोलाची वाटते. परंतु हकिकत १९२१ च्या युद्धविरामापाशी थांबविली गेली, आणि त्या साक्षी २००३ पर्यंत कुलूपबंद राहिल्या. त्या खुल्या झाल्या तेव्हा उलट प्रश्न विचारण्यास साक्षीदारच उरले नव्हते.

आपल्या संविधानाने मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानावरून घेतली. हा दुसरा धडाही आपण घ्यावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसमवेत दीक्षा घेणारे आता फार थोडे उरले आहेत. घरात असे कोणी वृद्ध असतील, तर त्यांना आजच विचारा: गावकीची कोणती कामे सोडली? देव्हारा कोणी उचलला? बहिष्कार पडला तेव्हा पाणी कोठून आणले? आजीला आधी विचारा. पाणी तिनेच आणले असेल. तिच्याच शब्दांत लिहा, तारीख घाला, वाचून दाखवा, सही अथवा अंगठा घ्या. ज्यांची दीक्षा अलीकडची आहे त्यांनी आपली हकिकत स्वतः लिहावी आणि दीक्षेचा दाखला तिच्यासोबत जपावा.

आणि आपल्यात गट पडले, भाऊ भावाशी बोलेनासा झाला, तेही गाळू नका. अर्धी साक्ष न्यायालयात टिकत नाही, आणि आपल्या मुलांपुढेही टिकणार नाही.

जयभीम!