मंदीचा पहिला फटका कुणाला?



नाशिकच्या कामगाराची गोष्ट नाशिकरोडच्या प्रेसपासून सुरू होते. सिक्युरिटी प्रेसची स्थापना 1925 ची; शेजारीच 1928 पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या. ‘प्रेसमध्ये लागला’ म्हणजे पोरगा मार्गी लागला, असं घरोघरी मानलं जाई. साठच्या दशकात ओझरला विमानांचा कारखाना आला. मग सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत वाहन उद्योगातली मायको आली, महिंद्र आली. निफाड-सिन्नरकडच्या शेतकऱ्यांची मुलं आयटीआय करून पाळीवर जाऊ लागली. त्या पगारातून सिडकोत घरं झाली, गावाकडं विहिरी खोदल्या गेल्या.

पुढं गाड्यांचा खप वाढला, काम वाढलं. पण पर्मनंट माणसं त्या प्रमाणात वाढली नाहीत. भरती झाली ती ठेकेदाराकडून. तेच मशीन, तीच पाळी, पगार मात्र कितीतरी कमी. काही महिने काम, मग ब्रेक.

तेजीत हा फरक फारसा जाणवत नाही, कारण ओव्हरटाइम दोघांनाही मिळतो. मंदी आली की तो उघडा पडतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 30 टक्क्यांहून जास्त घसरली. वाहन कारखान्यांनी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले. अशा दिवसांत पर्मनंट कामगार घरी बसला, तरी त्याचं नाव हजेरीपटावर राहतं. कंत्राटी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नको’ एवढंच सांगितलं जातं. त्याला नोटीस नाही, भरपाई नाही. वर्ष सरलं नाही तोच कोरोनाची टाळेबंदी आली. 1 मे 2020 ला, ऐन कामगार दिनी, अडकलेल्या मजुरांना घेऊन नाशिकरोडहून भोपाळकडे खास रेल्वे सुटली.

मंदी थोपवणं नाशिकच्या हातात नाही. 2008 साली अमेरिकेत एक मोठी बँक बुडाली आणि इथल्या वाहन उद्योगालाही झळ बसली. पण दर वेळी सगळा भार सर्वांत कमी पगाराच्या माणसानंच उचलावा, हा अन्याय आहे आणि तो माणसांनीच ठरवलेला आहे.

अशा माणसाला थोडा आधार आहे. कर्मचारी राज्य विम्याखालच्या कामगाराचं काम सुटलं, तर अटींनुसार मदत देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 साली आली. 2020 मध्ये तिची मदत सरासरी वेतनाच्या 50 टक्के झाली, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी. ठेकेदारानं वर्गणीच भरली नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो. म्हणून कामगार बंधू-भगिनींनो, दर महिन्याला पगाराची पावती मागून घ्या. विम्याचा आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक स्वतःजवळ ठेवा, आणि वर्गणी भरली जाते की नाही हे काम हातात असतानाच तपासा.