मूळ प्रतीशी रुजुवात

(म्हैसूरजवळील हिनकल येथे मराठी वाचकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अनुवादकाचे काम बसल्या जागेचे, आणि निसर्गाचा आनंद तर उठून बाहेर पडल्याखेरीज मिळत नाही. तेव्हा पक्षी, वनस्पती, छायाचित्रे, प्रवास आणि कविता यांविषयी बोलण्यास अनुवादकाला पाचारण करणे थोडे विपरीतच होय. तथापि आमच्या व्यवसायातील एक जुना शब्द या विषयाला नेमका लागू पडतो. तो शब्द म्हणजे रुजुवात. नक्कल तयार झाली की ती मुळाशी ताडून पाहावयाची, आणि फरक आढळल्यास नक्कल दुरुस्त करावयाची. मूळ प्रत नव्हे.

काही वर्षांपूर्वी मी पक्ष्यांवरील एका पुस्तकाचा अनुवाद करीत होते. त्यात चित्रबलाकाचे, म्हणजे रंगीत करकोच्याचे, वर्णन होते. मूळ वाक्य त्रोटक होते. भाषेला ओघ यावा म्हणून, हा पक्षी पाण्यात टक लावून मासा हेरतो, एवढी भर मी पदरची घातली. बगळा तसे करतो. करकोचाही करीत असेल, हा माझा तर्क. पुढे रंगनतिट्टूला जाण्याचा योग आला. श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीच्या पात्रातील ही बेटे सतराव्या शतकात बांधलेल्या एका बंधाऱ्यामुळे निर्माण झाली. सालिम अली यांनी 1939-40 मध्ये म्हैसूर संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, आणि त्यांच्याच आग्रहावरून 1940 मध्ये ही जागा अभयारण्य म्हणून घोषित झाली. 2022 मध्ये तिचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला.

तेथे नदीच्या उथळ कडेला एक चित्रबलाक चरत होता. अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून तो ती डावीउजवीकडे फिरवीत होता, आणि एका पायाने तळ ढवळीत होता. गढूळ पाण्यात टक लावून त्याला दिसणार तरी काय? चोचीला माशाचा स्पर्श होताच ती मिटत होती. तो डोळ्यांनी नव्हे, स्पर्शाने शिकार करीत होता. परत आल्यावर मुद्रिते तपासताना ते वाक्य मी खोडले. प्रवासाचा पहिला लाभ हा की तो आपल्या टेबलावरचे अज्ञान उघडे पाडतो.

हिनकलसारख्या ठिकाणी तर प्रवासासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. येथे ज्याला होंगे म्हणतात तो आपला करंज, अत्ती म्हणजे उंबर आणि मुत्तुग म्हणजे पळस. शेजाऱ्याला झाडाचे नाव विचारावे आणि आपले सांगावे. दोन भाषांची ओळख एकाच फांदीखाली होते.

दुसरे साधन छायाचित्र. चित्रबलाकाच्या शेपटीजवळील पिसांची गुलाबी छटा उडत्या पक्ष्यात क्षणभर दिसते आणि हरवते; छायाचित्र ती आपल्यापुढे स्थिर ठेवते. पूर्वी पक्षी ओळखण्यासाठी बंदुकीने टिपून त्यांचे नमुने जमवीत. त्या मानाने कॅमेरा अहिंसकच म्हणावयाचा. परंतु तो नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही. घरट्याचे चित्र मिळावे म्हणून आडोशाच्या फांद्या वाकविल्या किंवा तोडल्या, आणि माणूस जवळ उभा राहिल्याने आईबाप दूर राहिले, की अंडी-पिले उन्हात होरपळतात अथवा कावळ्याच्या दृष्टीस पडतात. अनेक छायाचित्र-स्पर्धांनी घरट्यांवरील चित्रे नाकारण्यास आरंभ केला, तो याच कारणाने. नक्कल सुबक यावी म्हणून मूळ प्रतच फाडणारा नक्कलनवीस आपण कधी पाहिला आहे काय?

तिसरे साधन कविता. कवी निसर्गाविषयी काहीही लिहितात, अशी एक तक्रार असते. चातक केवळ पावसाचे थेंब पितो हा कविसंकेत खरा नाही, हे उघड आहे. सुरवंट हे त्या पक्ष्याचे आवडते खाद्य. परंतु संकेताच्या मुळाशी एक निरीक्षण आहे. महाराष्ट्रात चातक दिसू लागतो तो मृगाच्या आगेमागे. आफ्रिकेतून येणारा हा पाहुणा मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. दक्षिण भारतात मात्र त्याची एक स्थानिक उपजात वर्षभर राहते. तेव्हा मराठी कवितेतला पावसाचा दूत कावेरीकाठी शेजारीही असू शकतो. कविता खोटी ठरली नाही. तिचा मुलूख कोणता, एवढे समजले.

आणि कविता असे काही देते की जे नोंदवहीत वा छायाचित्रात उतरत नाही. कुवेंपू यांच्या एका विख्यात कन्नड कवितेत आभाळातून जाणारी बगळ्यांची रांग ही देवाची स्वाक्षरी ठरते. स्वाक्षरीसाठी त्यांनी योजलेला कन्नड शब्द आहे 'रुजू'. आपण मराठी माणसे कामावर रुजू होतो, हिशेबाची रुजुवात घालतो. कन्नड माणूस त्याच शब्दाने सही करतो. ही कविता मराठीत आणू पाहणाऱ्याला 'सही' म्हणावे तर कचेरीचा वास येतो, 'स्वाक्षरी' म्हणावे तर शब्द जड होतो. या अडचणीत मी कित्येक संध्याकाळी कुक्करहळ्ळी तळ्याच्या बांधावर घालविल्या. नेमका शब्द अद्याप सापडलेला नाही. परंतु परतणारे बगळे पाहण्याची सवय जडली ती जडलीच.

हे तळे 1864 च्या सुमारास शेतीच्या पाण्यासाठी निर्माण केले गेले. आज त्याच्या भोवती शहर आहे. हिनकलही एके काळी म्हैसूरबाहेरचे खेडे होते. आता शहर त्याच्या पलीकडे पसरले आहे. तळ्यात सांडपाणी शिरले, काठावर भराव पडला, तर तेथील पक्ष्यांची छायाचित्रे आपल्या संग्रही राहतील, कविताही पुस्तकांत राहतील. परंतु त्या ताडून कशाशी पाहावयाच्या? माझ्या हातून झालेली चूक दुरुस्त होऊ शकली, कारण नदीत तो करकोचा होता. पुढच्या अनुवादकाच्या चुकीसाठीही तो तेथे असला पाहिजे, एवढेच माझे मागणे आहे.