परळचे नाट्यगृह



नाटक म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा, असं पुष्कळ लोक म्हणतात. आज आम्ही तुम्हांला कष्टकऱ्यांच्या एका नाट्यगृहाची गोष्ट सांगतो.

मुंबईत परळ भागात कापडाच्या गिरण्या होत्या. तिथं काम कोण करत होतं? तुमच्या-आमच्या गावचीच माणसं. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इकडून ती पोटासाठी गेली. एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहायचे. काही दिवसपाळीला, काही रातपाळीला. पण गावचे भजन, नमन, दशावतार त्यांनी मनात जपून नेले होते. ते करायला जागा हवी होती.

ही गरज नारायण मल्हार जोशी यांनी ओळखली. त्यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. संस्थेने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. १९२२ साली परळला दामोदर नाट्यगृह उभे राहिले. दिवसभर साच्यावर राबणारा माणूस तिथं रात्री राजा होऊ लागला.

आमचे चुलते गिरणीत होते. खात्यातल्या लोकांनी वर्गणी काढून तिथं नाटक बसवलं. चुलत्यांना शिपायाचं काम मिळालं. बोलायची वाक्यं फक्त तीन. पण त्यांना वाचता येत नव्हतं. खानावळीत कुणीतरी ती वाचून दाखवी, हे पाठ करीत. प्रयोगाच्या रात्री एक वाक्य चुकलं. लोक हसले. दुसऱ्याच दिवशी चुलत्यांनी रात्रशाळेत नाव घातलं. पुढच्या वर्षी त्यांनी सबंध नाटक स्वतः वाचलं. एवढंच नव्हे, तर चौघांना त्यांची कामं वाचून दाखवली. आम्ही पुढे मास्तर झालो, ते त्यांचं पाहून.

जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे एकेक करून गिरण्या बंद पडल्या. नाट्यगृह मात्र चालू राहिले. कामगारांची मुलं-नातवंडं तिथं येत राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेही बंद झाले. जुनी वास्तू पाडून तिथं नवे बांधकाम करायचे ठरले होते. तेव्हा कलावंत आणि जुनी मंडळी एकत्र आली. "आमचे नाट्यगृह आम्हांला हवे," असा त्यांनी आग्रह धरला.

चार भिंतींसाठी एवढा आग्रह कशाला, असं कुणी म्हणेल. मंडळी, जागा गेली की तालीम थांबते. तालीम थांबली की गाणं विसरतं. गाणं विसरलं की पुढच्या पिढीला ते कोण शिकवणार?

आपल्या गावातही देवळाचा मंडप आहे, पार आहे. तिथं अडगळ साठू देऊ नका. आठवड्यातून एक रात्र तिथं जमा. आणि आता तुम्हांला लिहिता येतं. घरच्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. त्याला येणारं एक गाणं वहीत उतरून घ्या. चुलत्यांनी तीन वाक्यांपासून सुरुवात केली होती. तुम्ही एका गाण्यापासून करा.