शेवटचे चित्र

काड्यापेटीवरची चित्रे, टपालाची तिकिटे, जुनी नाणी, काही ना काही जमवीत नाही असे मूल विरळाच. त्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच की, या छंदाची दोरी मुलाच्या हाती आहे की माल विकणाऱ्याच्या?

ही युक्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्या पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालीत. पुढे त्यावर चित्रे आली. कधी खेळाडू, कधी जहाजे, कधी पक्षी. पुष्कळदा ५० चित्रांचा एक संच असे. झाले! वडिलांनी कोणत्या छापाची सिगारेट ओढावी, हे घरातले पोर सांगू लागले. तंबाखूचा गुण बाजूला राहिला.

आता थोडा हिशेब करू. चित्र पाकीट फोडल्याशिवाय दिसत नाही आणि पन्नासही चित्रे सारख्याच संख्येने छापली आहेत, असे धरा. पहिली २५ चित्रे सरासरी ३४ पाकिटांत जमतात. आपल्याला वाटते, आणखी तेवढ्यात काम होईल. पण पुऱ्या संचाला सरासरी २२५ पाकिटे लागतात! कारण संच भरत जातो तसतसे जवळ असलेलेच चित्र पुन्हा निघू लागते. एकट्या शेवटच्या चित्रापायी सरासरी ५० पाकिटे फोडावी लागतात.

गुरुजींनी वर्गात फासा टाकून पाहावा. सहाही आकडे पडेपर्यंत किती वेळा टाकावा लागला, हे प्रत्येक मुलाने लिहावे. वर्गाची सरासरी १५ च्या आसपास येईल. मुलांना हे भाषणापेक्षा लवकर पटेल.

आज पाकिटाची जागा मोबाईलच्या खेळातल्या बंद पेटीने घेतली आहे. पैसे आधी, आत काय ते नंतर. आणि पैसे जातात ते वडिलांच्या खात्यातून. जपानात अशा पेट्यांतून निघणाऱ्या वस्तूंचा संच पुरा करणाऱ्याला बक्षीस देत. तिथल्या ग्राहक खात्याने २०१२ साली ती पद्धत बेकायदा ठरवली. बेल्जियमच्या जुगार आयोगाने तर २०१८ साली काही खेळांतल्या विकतच्या पेट्यांना सरळ जुगार म्हटले.

मग करावे काय? छंद मोडू नये. मुलांना दुबार चित्रांची अदलाबदल करू द्यावी. त्यात खर्च कमी होतो आणि सोबतीही मिळतात. महिन्याला किती पैसे घालायचे ते आधी ठरवावे. आणि ‘एवढे जमले, आता थोडक्यासाठी कशाला सोडायचे?’ असे मूल म्हणू लागले की तिथेच सावध व्हावे. ते थोडकेच सर्वांत महाग असते. मजुराची आठवड्याची कमाई त्यात सहज जाईल. फाशाला मागचे डाव आठवत नसतात. आधी किती पैसे घातले, याची पुढच्या पाकिटाला काय फिकीर?