ठिणगी कुठे अडली?

आज एका जुन्या मोटारीविषयी बोलावयाचे आहे. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या दारात मोटार नसेल. पण जुनी पेट्रोलची जीप किंवा स्कूटर असेल, तर त्यांनाही हे उपयोगी पडेल.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी तुम्हांला आठवत असेल. 1964 साली फियाट 1100 डिलाइट म्हणून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली ही गाडी 1974 पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षांची. तेव्हा 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनीची टॅक्सी संपली. घरगुती गाड्या मात्र गिरगावच्या वाड्यांत, लालबागच्या चाळींखाली अजून आढळतात.

परळला आमच्या चाळीखाली वडिलांची अशीच एक गाडी आहे. एका उन्हाळ्यात तिनं खोड धरली. चिंचपोकळीचा पूल चढता चढता बंद पडायची आणि अर्ध्या तासानं, जणू काही झालंच नाही अशी, सुरू व्हायची. मी प्लग बदलले. मग पॉइंट बदलले. शेवटी ऑपेरा हाउसजवळच्या एका दुकानातून नवी कॉइल आणून बसवली. दुसऱ्या दिवशी त्याच पुलावर गाडी पुन्हा बंद! मी तडक दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणालो, "तुमचा माल नकली आहे." दुकानदार वयस्क होते. त्यांनी एवढंच विचारलं, "दिवा लावून पाहिलात का?"

मी पाहिलं नव्हतं. ते कसं पाहावयाचे, तेच आज सांगतो.

आधी ही ठिणगी येते कुठून? बॅटरी 12 व्होल्टची. तेवढ्यानं प्लगच्या फटीत ठिणगी पडत नाही. म्हणून कॉइल असते. तिच्यातला प्रवाह पॉइंट उघडले की एकदम तुटतो आणि आतल्या बारीक तारेच्या वेढ्यांत 15 ते 20 हजार व्होल्टचा दाब उठतो. शिक्षक मंडळींनो, 1831 साली फॅरेडेनं दाखवलेलं विद्युत-प्रवर्तन ते हेच. हा दाब डिस्ट्रिब्युटरमध्ये जातो. गॅरेजात त्याला डेल्को म्हणतात. तिथला फिरता रोटर तो एकेका प्लगला वाटून देतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर सेकंदाला 100 ठिणग्या पडतात. मुलांना हे गणित जरूर घाला.

आता तपासणी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पहिला प्रश्न: सेल्फ जोरात फिरतो का? सेल्फ मारताच दिवे अगदी मंद झाले, तर बॅटरीची टोकं पाहा. पांढरा-हिरवा थर साचला असेल तर तो घासून काढा, टोकं घट्ट करा.

सेल्फ ठीक आहे, तर एक प्लग काढा, त्याच्या वायरीत पुन्हा बसवा आणि त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकेल असा ठेवा. उघड्या भोकापासून मात्र लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. आसपास पेट्रोल सांडलेलं असेल तर हा प्रयोग करूच नका. वायर हातात धरू नका. झटका वाईट बसतो. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी आली, तर बिघाड बहुधा पेट्रोलकडे आहे. पिवळी, मरगळलेली आली किंवा आलीच नाही, तर पुढे चला.

कॉइलपासून डेल्कोला जाणारी मधली जाड वायर काढा. कोरड्या लाकडी चिमट्यात धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून 5 मिलिमीटरवर ठेवा आणि सेल्फ मारा. इथं चांगली ठिणगी आहे पण प्लगला नाही, तर दोष डेल्कोच्या झाकणात, रोटरमध्ये किंवा वायरींत. पावसाळ्यात, विशेषतः हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढल्यावर, हे नेहमीचंच. झाकण आतून कोरड्या फडक्यानं पुसा. केसासारखी काळी रेघ दिसली तर झाकण तडकलं समजा.

आणि इथंही ठिणगी नसेल तर? मग तो दिवा. 12 व्होल्टचा लहान बल्ब घ्या. एक वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या लहान टोकाला, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. चावी लावून सेल्फ मारा. बल्ब लुकलुकला, तर पॉइंट आपलं काम करीत आहेत. मग कॉइल आणि कंडेन्सर पाहा. मुळीच लागला नाही, तर कॉइलपर्यंत वीज पोचत नाही, किंवा पॉइंट उघडतच नाहीत, किंवा कंडेन्सर आत चिकटला आहे. लागून तसाच राहिला, तर पॉइंटकडची वाट तुटली आहे. काम झाल्यावर चावी बंद करा. उगाच लावून ठेवली तर कॉइल तापते. आणि एक ध्यानात ठेवा: गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी गरम असतानाच तपासावी. थंड झाल्यावर तिच्यात काहीच दोष सापडत नाही.

मी तेच केलं. पुलावरच बोनेट उघडलं, बल्ब लावला. तो लागला आणि तसाच राहिला. डेल्कोच्या आत पॉइंटला जाणारी वीतभरसुद्धा नसलेली एक वायर वरून धडधाकट होती, पण आतून तुटलेली. गरम झाली की सुटायची, निवली की टेकायची. कॉइल नवीही चांगली होती आणि जुनीही.

दुकानात जाऊन मी माफी मागितली. दुकानदारांनी चहा पाजला. परंतु त्या दिवशीची ती चार गिऱ्हाइकं तिथं नव्हती. ती दुकानाविषयीचा संशय मनात घेऊन गेली होती, आणि तो काढून घ्यायला मला त्यांची नावंही ठाऊक नव्हती.

म्हणून सांगतो, गाडी अडली की क्रमानं चला. एका वेळी एकच गोष्ट तपासा, आणि तपासल्याखेरीज वस्तूला किंवा माणसाला दोष देऊ नका. बल्ब आणि दोन वायरी गाडीच्या डिकीत आजच ठेवून द्या.